लग्नातली उंची

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला. उजव्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकला, हात टेकला, मनगट गेलं. प्लास्टर घातलं तिथे म्हणाले होते, "या वयात बायकांची हाडं ठिसूळ होतातच, कॅल्शियम घ्या." मीही मान डोलावली होती. ५८ वर्षांच्या बाईला कोणी 'होतंच' म्हटलं की ती मान डोलावते.

तुम्ही मात्र बीपीचा पट्टा बाजूला ठेवून विचारलंत, "उभ्या उभ्या पडलात का?" मग, "लग्नाच्या वेळी उंची किती होती?" मला हसू आलं. पत्रिकेसोबतच्या माहितीत आईनं पाच फूट दोन लिहिलं होतं, म्हणजे त्यात थोडं आईचंही मिसळलेलं असणार. तुम्ही भिंतीला उभं करून मोजलंत. पुरती पाच फूटसुद्धा भरले नाही. पाठीच्या एक्सरेत एक मणका चेपलेला निघाला. दोन वर्षं जी कंबर मी कणीक मळण्यावर ढकलत होते, ती हीच.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. "पिशवी काढली आहे का? कितव्या वर्षी?" ३७ व्या. "आणि अंडाशयं?" ते मला ठाऊकच नव्हतं. वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं आणि ऑपरेशनच्या वेळी कोणी सांगितलंही नव्हतं. ट्रंकेतल्या साड्यांखालून जुना कागद शोधून आणला. दोन्ही काढलेली. हाडं धरून ठेवणारं इस्ट्रोजेन त्या दिवसापासून बंद झालं होतं, हे तुम्ही कागदावर आलेख काढून समजावलंत. तो कागद अजून माझ्या फाइलीत आहे. घरी येऊन मी बराच वेळ गप्प बसले होते. यांना वाटलं, रिपोर्ट वाईट आला.

रिपोर्ट नंतर आला. कोल्हापूरला जाऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन केला; मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, हे आता मी शेजारणींना सांगते. रक्तात डी जीवनसत्त्व ११, म्हणजे फारच कमी. तुम्ही हाडांच्या औषधाची घाई केली नाहीत. आधी आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी, आठ आठवडे. थायरॉइड, किडनी, सगळं तपासून मग आठवड्याची गोळी.

आता एक कबुली, जी तुम्हाला माहीत आहे पण मला लिहून द्यायची आहे. ती गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. मी ती चहाबरोबर घेत होते, आणि घेतली की पुन्हा अंथरुणात. छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा बंदच केली, दीड महिना, कुणाला न सांगता. तुम्ही "घेताय ना?" असं विचारलं असतंत तर मी "हो" म्हणाले असते. तुम्ही विचारलंत, "गोळीच्या दिवशी सकाळी काय काय करता?" मग लपवायला जागाच उरली नाही. ओरडला नाहीत. "हे तुम्हाला जमणारं नाही, दुसरं बघू," म्हणालात. म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध ठरलं. त्याआधी किडनीची तपासणी पुन्हा केलीत, शिवाय हलणारी दाढ काढून जखम भरल्याखेरीज सुई नाही, असं बजावलंत. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आला, अंग मोडून निघालं. ते आधीच सांगितलेलं असल्यामुळे घरात गोंधळ झाला नाही.

नाचणीची भाकरी आणि तीळकूट चालू आहे. मोरीत यांनी दांडा बसवून घेतलाय, तोही तुमच्याच सांगण्यावरून. परवा त्याच मशिनवर पुन्हा डेक्सा केला, उणे २.७. फार मोठी उडी नाही, तुम्हीही तसंच म्हणाल.

येत्या गुरुवारी तिसऱ्या सलाईनला येते आहे. सोबत धाकट्या जाऊबाई असतील. त्यांची पिशवी ३४ व्या वर्षी काढली. जुना कागद सापडलेला नाही, पण मोजपट्टी तुमच्या भिंतीला आहेच.

तुमची,
मणका चेपलेली, पण ताठ बसणारी पेशंट
कराड