सुमे, तुझ्या चित्रांबद्दल

प्रिय सुमे,

अडीच वर्षं झाली आपण नीट बोलून. वाढदिवसाला केकचं चित्र आणि दिवाळीला पणतीचं चित्र पाठवणं म्हणजे बोलणं नव्हे असं तू मागे लिहिलं होतंस, त्यावर मी नुसता अंगठा पाठवला, त्याचाही तुला राग आला असणार. फोन करणार होते. पण फोनवर तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणालीस की मी लगेच जाऊ देईन, आणि ह्या वेळी मला ते जाऊ द्यायचं नाहीये. म्हणून हे लांबलचक.

तब्येत ठीक. आईचे गुडघे तसेच, दादाकडे सांगलीलाच असते. पोरगा आठवीत, मराठी कळतं पण उत्तर जपानीत देतो.

परवा आशियाला गेले होते. आशिया म्हणजे खंड नव्हे, हे आमच्या कोबे आणि ओसाकाच्या मधलं गाव, मागे रोक्कोचा डोंगर. स्टेशनवरून बस वर वर जाते, वळणांवर आपला आंबा घाट आठवतो. तिथे हिरोको कोशिनोचं जुनं घर आहे, आता गॅलरी केलीय, 2013पासून. फॅशन डिझायनर म्हणून सगळ्या जपानला माहीत असलेली बाई, पण पेंटिंगही करते, आणि फावल्या वेळातली हौस म्हणून नाही हां, प्रदर्शनं भरवते, इथे भरवते, टोकियोत गिंझाला भरवते. तिचा 1937चा जन्म, हिशेब तूच कर.

घर तादाओ आंदोने बांधलंय, 1981मध्ये. तोच गं, बॉक्सर होता, आर्किटेक्चरच्या कॉलेजात कधी गेला नाही, लायब्ररीत आपण त्याचं पुस्तक बघत बसायचो आणि तू म्हणायचीस नुसतं सिमेंट तर आहे, आमच्या गिरणीची भिंत पण अशीच. गिरणीची भिंत अशी नाही सुमे. उतारात अर्धं पुरलेलं घर, वरून आलं की आधी छपरंच दिसतात, काँक्रीटच्या दोन लांब पेट्या शेजारी शेजारी, मधे पायऱ्या, आणि एकीतून दुसरीत जायचं जमिनीखालून. 1984मध्ये तिच्यासाठी स्टुडिओ जोडला, त्याची भिंत गोलाकार, आणि भिंत नि छत यांच्यामध्ये फट ठेवलीय. त्या फटीतून ऊन भिंतीवर उतरतं ते सरळ पट्टा होऊन नाही, वाकून उतरतं, आणि हळूहळू सरकतं. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे.

तर चित्रं. रंगीतही करते ती, मोठी, भडक. पण मी थांबले ती शाईच्या कामापाशी. इथली सुमी शाई, काजळी आणि सरस यांची कांडी असते, दगडावर थोड्या पाण्यात घासायची. मी दोन वर्षं क्लासला जातेय, नुसती घासायलाच पंधरा मिनिटं लागतात, हात दुखतो पण डोकं शांत होतं. त्या शाईचा एक रुंद फटकारा होता, हातभर ब्रशने एका दमात ओढलेला. सुरुवातीला काळाकुट्ट, मग ब्रशमधली शाई संपत गेलेली, केसांच्या खुणा वेगळ्या वेगळ्या दिसायला लागलेल्या, शेवटी कागदच जास्त आणि शाई कमी. आणि खालच्या बाजूला तिने पाणी सोडलं होतं. मुद्दाम. पाणी जिथपर्यंत पसरलं तिथपर्यंत राखाडी, आणि थांबलं तिथे एक बारीक गडद कड. ती कड बघितली आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर. तिथल्या मुलीने काही न विचारता टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

ती कड मी आधी बघितलेली आहे. तुझ्या कागदावर.

सुमे, तुझी चित्रं गेली. सांगलीला आमच्या घरी ठेवलेला तो रोल, अकरा कागद, तुझ्या लग्नात 2006ला तुझ्या सासरी जागा नाही म्हणून मी आणलेला. 2019च्या पुरात गेला. सहा वर्षं मी तुला सांगितलं नाही. तू दोनदा विचारलंस, एकदा म्हणाले माळ्यावर आहे, दुसऱ्यांदा विषय बदलला. माळ्यावर असता तर वाचला असता. गावभागात आमच्याकडे पाणी माळ्यापर्यंत चढलंच नाही. पण त्या मे महिन्यात, इथे नवा सम्राट गादीवर बसला म्हणून सलग दहा दिवस सुट्टी होती तेव्हा मी सांगलीला आले होते, आणि मीच तो रोल खाली काढला, बघितला एकेक कागद, आईला दाखवला, आणि परत वर चढवायचा कंटाळा केला. दिवाणात ठेवला, चादरींखाली. ऑगस्टमध्ये दिवाण पाण्याखाली होता, दिवसच्या दिवस. दादाने चिखलाबरोबर बाहेर काढलं तेव्हा पोस्टर कलरचा नुसता लगदा होता, त्याला काय माहीत काय आहे ते, त्याने गाद्यांच्या ढिगावर टाकलं. त्याच्यावर रागवू नकोस. माझ्यावर रागव.

ऐकतेयस ना? थांब, पुढे वाच.

2021मध्येच मी तुला लिहिणार होते. तेव्हा इथल्या ह्योगो प्रीफेक्चरच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, आर्ट म्युझियममध्ये ह्याच बाईचं प्रचंड मोठं प्रदर्शन लागलं होतं, ती बिल्डिंगही आंदोचीच, समुद्राकाठी, गच्चीवर त्याने एक अवाढव्य हिरवं सफरचंद ठेवलंय, पोरगा त्याला मिठी मारून फोटो काढून घेतो. कोरोनाचे दिवस, मास्क लावून गेलो होतो. एकीकडे तिचे ड्रेस आणि एकीकडे तिची पेंटिंग, आणि कुठलं कशातून आलं ते सांगता येत नव्हतं. तोच फटकारा कागदावर, तोच मग कापडावर छापलेला, आणि तेच कापड बेतून कातरून बाईच्या खांद्यावर आल्यावर वळलेलं. तेव्हा मला तुझं वाक्य आठवलं, सेकंड इयरचं, चित्र भिंतीवर मरतं, अंगावर चालतं. आणि मी काय म्हणाले होते ते तुलाही आठवत असेल.

तुझे बाबा गेले, तू काकूंच्या मशीनवर बसलीस, आणि मी होस्टेलच्या जिन्यात म्हणाले, ब्लाउज शिवायला डिप्लोमा कशाला केलास. दोन महिने बोलली नाहीस. बरोबर केलंस. त्यानंतर तू माफ केलंस असं मी धरून चालले पण मी माफी मागितलीच नव्हती, ती आता मागते. (माझा बारा नंबरचा ब्रश तू त्याच दोन महिन्यांत लंपास केलास, तो तुझ्याकडेच आहे, मला माहितीये.)

ह्या हिरोकोची आई शिंपीण होती गं. किशिवादा म्हणून गाव आहे ओसाकाच्या खाली, सप्टेंबरात तिथे लाकडी रथ ओढत गल्ल्यांतून पळतात, कोपऱ्यावर न थांबता वळवतात, एकदा बघितलाय, छातीत धडधडतं. तिथे आजोबांचं किमोनोच्या कापडाचं दुकान, आणि पोरीला मात्र मशीनचं वेड. 1934मध्ये आयाकोने, म्हणजे ह्या आईने, स्वतःचं शिवणाचं दुकान काढलं. नवरा युद्धाच्या काळात गेला, तीन मुली, मशीनवर वाढवल्या. तिघीही डिझायनर झाल्या, हिरोको, जुन्को, मिचिको. तिच्यावर एनएचके ह्या इथल्या टीव्ही चॅनलवर रोज सकाळची मालिका झाली 2011-12मध्ये, आमच्या शेजारच्या आज्जी अजून तिच्याबद्दल बोलतात. आणि सत्तरी उलटल्यावर आयाकोने स्वतःच्या नावाचा ब्रँड काढला, तोवर मुलींचीच नावं गाजत होती. 2006ला गेली.

आणि थोरल्या हिरोकोला खरं तर चित्रकार व्हायचं होतं. आई नको म्हणाली. लहानपणी आजोबा तिला काबुकी नाटकं नि बुनराकूचे बाहुल्यांचे खेळ बघायला न्यायचे, ते रंग डोक्यात बसलेले, आणि आई म्हणते शिवण शिक. शिकली. 1964मध्ये ओसाकात दुकान, 1978मध्ये रोमला कलेक्शन, 1982मध्ये पॅरिसला. आणि चित्रं सोडली नाहीत.

तू म्हणशील तिचं काय, तिला आंदो घर बांधून देतो, मला पिको-फॉलची गिऱ्हाइकं दुपारी झोपू देत नाहीत. मान्य आहे. मी तुला "तू पण कर" असं म्हणत नाहीये, कुणी कुणाला असं सांगू नये, विशेषतः ज्या माणसाने चित्रं बुडवलीत त्याने तर नाहीच. मला एवढंच म्हणायचंय की त्या जिन्यात मी चुकीची होते आणि तू बरोबर होतीस, आणि हे मला कळायला इतकी वर्षं, एक पूर आणि एका म्हाताऱ्या बाईचा शाईचा फटकारा लागला.

आता पुढचं. अकरातला एक कागद आहे. आईने चिखलातून ओढून काढला, गच्चीवर दोरीला चिमट्याने लावून वाळवला, आणि मला पाठवला. तो तू वॉटरप्रूफ काळ्या शाईने केला होतास म्हणून राहिला. काकूंचं पायमशीन. पूर्ण मशीनही नाही, खालचं चाक, पट्टा, आणि पायट्यावर काकूंचं पाऊल, अंगठ्याच्या शेजारी जोडवं. मागचा रंगाचा वॉश वाहून गेला, जिथे निळं होतं तिथे आता कृष्णेच्या गाळाचा तपकिरी डाग, आणि कागदाच्या मधोमध आडवी ती कड. पण रेघ एकही हललेली नाही. टाच जिथे तू दोनदा काढलीस, पहिली चुकली म्हणून, तेही दिसतं. इथे आमच्या शाईच्या क्लासच्या सेन्सेईंना, म्हणजे सरांना, दाखवला, ते बराच वेळ वाकून बघत होते, मग म्हणाले मागून पातळ कागद लावून घे, नाहीतर घडीवर फाटेल. खळ लावून, ओलं करून, सपाट वाळवतात. माझे हात थरथरत होते पण तेही झालं. सहा वर्षं कपाटात होता, आता सरळ झालाय.

नोव्हेंबरात ह्यांच्या ऑफिसातला एकजण पुण्याला येतोय, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून देते, दादा पुण्याहून घेऊन इचलकरंजीला तुझ्या हातात आणून देईल. कुणाच्याही हातात नाही, तुझ्याच. त्याला जेवायला घाल, तांबडा रस्सा कर, तो अजून तुझ्या मटणाचं नाव काढतो.

बाकी तुझं काय? मुलीचं दहावीचं ऐकलं, हुशार आहे, तुझ्यावर गेलीय. भाऊजींची बदली झाली का? काकूंना मी विचारलंय म्हणून सांग, कागदाचं आधी सांगू नकोस, त्यांचं पाऊल त्यांनी स्वतः बघू दे.

आणि एक काम कर माझं. राग आलेला असतानाच कर, चालेल. त्या मे महिन्यात दिवाणावर पसरून मी ते कागद बघितले होते, परवा गॅलरीतून येताना बसमध्ये मी ते आठवून वहीत लिहायला लागले. मिरज जंक्शनचा पूल. आंघोळीनंतर केस झटकणारी तुझी मावशी. कापसाची बैलगाडी. होस्टेलची खिडकी, दोनदा. पंचगंगेचा घाट. लाल दोऱ्याची रिळं. तो झोपलेला हमाल. आणि हे मशीन. नऊ झाले. उरलेले दोन कुठले होते ते मला आठवत नाहीये सुमे, तीन दिवस झाले, रात्री जाग येते. कुठले होते ते लिही.

तुझी,
अलके