सईच्या डोळ्यांच्या लेसरबद्दल

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार. सईचे रिपोर्ट नीट पाहिले. लॅसिक, स्माइल आणि पीआरके या चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसरच्या तीन पद्धतींपैकी कुठली करावी, असं तू विचारलं आहेस. पण त्याच्या आधीचा प्रश्न, तिचा कॉर्निया लेसर सोसेल का, हा अजून सुटलेलाच नाही. त्यामुळे लेसर केंद्रवाल्यांनी कितीही सवलत देऊ केली तरी आगाऊ रक्कम भरू नकोस.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची सरासरी जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. लेसर मायनस नंबर घालवतो तो या पडद्याचा मधला भाग खरवडून, चपटा करून. खरवडलेलं पुन्हा भरून येत नाही. म्हणून सगळा हिशेब शिल्लक किती राहते याचा असतो. सईच्या उजव्या डोळ्याची जाडी ५०७ आणि डाव्याची ४९८ आहे. हा काही आजार नाही, पण हात राखून खर्च करावा लागेल अशी ही शिल्लक आहे.

डावा डोळा घेऊन हिशेब करून दाखवते. गोल नंबर उणे ६.००, सिलेंडर, म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर, उणे ०.७५, एकूण ६.७५. साडेसहा मिलिमीटरच्या गोलावर लेसर मारला तर एका नंबरामागे सुमारे १४ मायक्रॉन जातात, म्हणजे इथे साधारण ९५. लॅसिकमध्ये त्याआधी ११० मायक्रॉनचा फ्लॅप, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ थर, कापून उलटवतात आणि नंतर परत बसवतात. तो जागेवर बसला तरी भार उचलायच्या कामाचा राहत नाही, म्हणून तोही खर्चातच धरायचा. ४९८ मधून ११० आणि ९५ गेले की उरतात २९३. किमान २५० हवेतच आणि सावध सर्जन २८० ते ३०० मागतात, त्या मापाने हे चालेल असं वाटतं. पण दुसरं एक माप आहे: एकूण जाडीपैकी किती टक्के वापरली. इथे २०५ भागिले ४९८, म्हणजे ४१ टक्के. चाळिसाच्या वर गेलं की कॉर्निया पुढे फुगण्याचा धोका वाढतो. केंद्रातल्या बाईंनी तुला 'जाडी पुरते' असं सांगितलं ते पहिल्या मापाने खरं आहे, दुसऱ्याने नाही.

स्माइलमध्ये फ्लॅप नसतो. फेमटोसेकंद लेसरने कॉर्नियाच्या आतच भिंगासारखी चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ती ओढून काढतात. वरचे तंतू शाबूत राहतात म्हणून ताकद जास्त टिकते, असं त्यामागचं गणित आहे आणि त्यात तथ्य आहे. पण चकती नीट सोडवता यावी म्हणून ती गरजेपेक्षा दहा-पंधरा मायक्रॉन जाड ठेवावी लागते. वरचे १२० आणि चकतीचे ११० धरले तर खाली २६८ उरतात. सईसाठी मला हे कमी वाटतं. 'स्माइल नवं आहे म्हणून जास्त सुरक्षित' हे वाक्य तिच्या डोळ्याला लागू पडत नाही.

पीआरकेमध्ये वरची सुमारे ५० मायक्रॉनची त्वचा सौम्य अल्कोहोलने किंवा ब्रशने काढतात, खालच्या थरावर लेसर मारतात, आणि ती त्वचा चार-पाच दिवसांत पुन्हा वाढते. खाली ३५३ शिल्लक राहतात, खर्च होतो २९ टक्के. पातळ कॉर्नियाला हीच जुनी पद्धत सगळ्यांत काटकसरीची आहे. जाहिरातीत ती मागे पडते कारण पहिले दोन-तीन दिवस खरंच दुखतं, डोळे चुरचुरतात, उजेड सहन होत नाही, आणि नजर पूर्ण बसायला एक ते तीन महिने लागतात. लॅसिकवाला दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो, पीआरकेवाल्याने आठवडाभर सुट्टी धरावी. सहाच्या नंबराला कॉर्नियावर धुकं येऊ नये म्हणून मायटोमायसिनचं ०.०२ टक्क्यांचं द्रावण काही सेकंद लावतात. पुढे काही महिने उन्हात चांगला गॉगल हवाच, तोही त्याच धुक्यासाठी.

हा सगळा हिशेब मात्र एका अटीवर उभा आहे: कॉर्निया निरोगी असला पाहिजे. मला खरी काळजी तिथे आहे. तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंस की सईला मार्च-एप्रिलमध्ये डोळ्यांना खाज सुटते आणि ती मुठीने डोळे चोळते. वैशाली, माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच आहे. चोळण्याने कॉर्नियाचे तंतू सैल पडतात. ज्यांची घडणच नाजूक असते त्यांच्यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. याला केराटोकोनस म्हणतात. तो साधारण किशोरवयापासून विशी-पंचविशीपर्यंत उमटतो आणि सुरुवातीला चष्म्याने दिसतही चांगलं. अशा छुप्या केराटोकोनसवर लेसर केला तर दीड-दोन वर्षांत नंबर परत यायला लागतो, सिलेंडर वाढत जातो आणि मग चष्म्यानेही स्वच्छ दिसत नाही. पुढचं फुगणं थांबवायला रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून सी३आर, म्हणजे कॉर्नियाचे तंतू घट्ट करायचा इलाज, करता येतो, पण आधीची नजर त्याने परत येत नाही.

हे ओळखायचं साधन म्हणजे पेंटाकॅमसारख्या यंत्राने काढलेला कॉर्नियाचा नकाशा. तू पाठवलेल्या नकाशात डाव्या डोळ्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा जरा जास्त उंचवट्याचा दिसतोय आणि 'फायनल डी', म्हणजे नकाशातल्या वेगवेगळ्या मापांवरून यंत्राने काढलेला एकत्रित आकडा, १.७ आहे. हा आकडा १.६ च्या आत असला तर निर्धास्त, २.६ च्या वर असला तर सरळ नकार. मधला पट्टा संशयाचा. पण याच्यावरूनही लगेच घाबरू नकोस, कारण तपासणीच्या आदल्या रात्रीपर्यंत सईच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स होत्या. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा फसवतो, कधी बिघडलेला दिसतो तर कधी खरा बिघाड झाकला जातो. मऊ लेन्स किमान एक ते दोन आठवडे, सिलेंडरच्या असतील तर पुरते दोन, आणि कडक लेन्स असतील तर तीन-चार आठवडे काढून ठेवल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. तिला हे आधी कोणी सांगितलं नाही आणि त्याच दिवशी 'लेसरसाठी योग्य' असा शिक्का मारला, यावरूनच ते केंद्र बदलावं असं माझं मत झालं.

तेव्हा क्रम असा ठेव. आधी खाजेवर इलाज. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून अ‍ॅलर्जीचे थेंब लिहून घे, खाज आली की थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांग, आणि चोळणं पूर्ण बंद. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र अजिबात नकोत. त्याने खाज चटकन थांबते म्हणून लोक वर्षानुवर्षं घालतात आणि काचबिंदू ओढवून घेतात. मग दोन आठवडे लेन्स बंद ठेवून, पूर्ण चष्म्यावर राहून, नवा नकाशा. तो स्वच्छ आला तरी बरोबर एक वर्षाने त्याच यंत्रावर पुन्हा एक. सई २२ वर्षांची आहे आणि तिचा नंबर मागच्या वर्षी अर्ध्या नंबराहून जास्त वाढलाय असं तूच लिहिलंस. वर्षभरात ०.५० पेक्षा जास्त हललेला नंबर स्थिर धरत नाहीत. त्यामुळे हे वर्ष तसंही थांबायचंच आहे.

नवीन तपासणीत आणखी दोन गोष्टी हव्यात, ज्या या रिपोर्टमध्ये नाहीत. एक म्हणजे अश्रूंची तपासणी. पापणीखाली कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत किती ओली होते ते बघतात, दहा मिलिमीटरच्या वर हवी. लेसरने कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, विशेषतः फ्लॅपमध्ये, आणि त्या परत जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर डोळे कोरडे राहतात. सई दिवसभर स्क्रीनपुढे बसते, म्हणून हे महत्त्वाचं. पिंपल्ससाठी तिने आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांग. त्यानेही डोळे कोरडे पडतात आणि गोळ्या बंद करून काही महिने जाऊ द्यावे लागतात.

दुसरी म्हणजे बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतल्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तपासणी. सहाच्या नंबराचा डोळा लांबीने मोठा असतो, त्यामुळे पडदा ताणला जातो, कडेला विरळ जागा किंवा छिद्रं असू शकतात. सापडली तर त्यांच्याभोवती वेगळा लेसर मारून ती आधी बंद करतात. चष्मा गेला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते, म्हणून पडदा सुटण्याचा धोकाही तेवढाच राहतो. लेसर झाल्यावरही दरवर्षी पडदा दाखवायचा, आणि अचानक विजेसारखे चमकारे, काळे ठिपके किंवा कडेने सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

नकाशा दोन्ही वेळा निर्दोष आला तर माझं मत पीआरके. संशयाचा राहिला तर लेसर नाहीच. मग आयसीएल हा मार्ग उरतो: बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे आणि नैसर्गिक भिंगापुढे एक पातळ लेन्स बसवतात. कॉर्नियाला खरवडत नाहीत आणि गरज पडली तर लेन्स काढता येते. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली किमान २.८ मिलिमीटर हवी. पण ती डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे, जंतुसंसर्गाचा आणि लवकर मोतीबिंदूचा थोडा धोका असतो, आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशींची मोजणी दरवर्षी करावी लागते. खर्चही बराच जास्त. विम्याचं विचारलंस, तर आपल्याकडच्या पॉलिसींत साडेसातपेक्षा कमी नंबराचा इलाज वगळलेला असतो. तेव्हा खिशातूनच.

सईला घाबरवू नकोस, पण पूर्ण चित्र तिच्यापुढे ठेव. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या प्राउल (PROWL) अभ्यासात, लॅसिकआधी काही तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलयं, चकाकी, दोन-दोन दिसणं यांपैकी काहीतरी नव्याने जाणवत होतं, आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवत होता. पण रोजच्या कामात फार अडचण आलेले एक टक्क्याहून कमी. दोन्ही आकडे एकत्रच वाचायचे. अंधारात तिची बाहुली किती मोठी होते ते मोजून घे. लेसरच्या गोलापेक्षा मोठी होत असेल तर रात्री गाडी चालवताना वलयं जास्त दिसतील.

लेसरने डोळा आतून भाजतो का, ही तुझ्या आईंची शंका रास्त आहे. तसं होत नाही. हा १९३ नॅनोमीटरचा अतिनील एक्सायमर लेसर रेणूंमधले बंध तोडतो, आजूबाजूला उष्णता जवळजवळ पोचत नाही. १९८१ च्या नोव्हेंबरात आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत, मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर तो मारून पाहिला आणि कडा न भाजता स्वच्छ चीर पडली. आज जगभर या लेसरने डोळे सुधारतात त्याची सुरुवात तिथली. आईंना हे नक्की सांग, त्यांना आवडेल.

लग्नाच्या बोलण्यांसाठी तारीख गाठायची म्हणून हे करू नका, एवढं मात्र मी मैत्रीण म्हणून ठासून सांगते. नंतर दिवस राहिले तर गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात, त्या काळातही लेसर करत नाहीत. तेव्हा घाई करून मधल्या फटीत बसवण्यापेक्षा चष्मा लावून भेटू दे सगळ्यांना. आणि तिच्या मनात कुठल्या सरकारी भरतीचा विचार असेल तर त्या वर्षीची जाहिरात आधी वाच. पोलीस, सैन्य, रेल्वे यांचे नियम पदागणिक वेगळे असतात, काही पदांना लेसर केलेला उमेदवार चालतच नाही.

तू स्वतःसाठीही विचारलंस. तुझा नंबर उणे २.२५ आणि वय सत्तेचाळीस. तू आज चष्मा काढून पेपर वाचतेस, सुईत दोरा ओवतेस. लेसर केला तर लांबचं स्वच्छ होईल आणि ही सोय जाईल, चाळिशी लावावीच लागेल. तुला मी नकोच म्हणेन.

करायचं ठरलं त्या वेळी, जो सर्जन लेसर करणार आहे त्यानेच नकाशा पाहून तुमच्याशी बोललं पाहिजे, सल्लागार बाईंनी नव्हे. नंबर उरला तर पुन्हा करायचे पैसे पडतील का ते लिहून घे. पीआरकेनंतर स्टेरॉइडचे थेंब महिना-दोन महिने हळूहळू कमी करत घालतात, त्या काळात डोळ्याचा दाब मोजायला प्रत्येक वेळी जायचं, काहींचा दाब या थेंबांनी वाढतो. आणि लेसरआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी, नकाशा या सगळ्याची प्रत मागून घरी जपून ठेव. तीस-चाळीस वर्षांनी सईला मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना हेच आकडे लागतात. ते नसतील तर हिशेब चुकू शकतो. काचबिंदूची तपासणी करणाऱ्यालाही लेसर झाल्याचं सांगावं लागतं, कारण पातळ केलेल्या कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो.

सईचे मागच्या तीन-चार वर्षांचे चष्म्याचे कागद कपाटात असतील तर त्यांचे फोटो पाठव. सिलेंडरचा आकडा आणि त्याचा अ‍ॅक्सिस, म्हणजे त्याची दिशा, दरवर्षी किती बदलत गेला ते मला पाहायचं आहे. आणि तुमच्या दोन्हीकडच्या नात्यात कोणाला केराटोकोनस झाला आहे का, किंवा कोणाचा कॉर्निया बदलावा लागला आहे का, तेही विचारून कळव.

तुझी,
मेधा