तीन टीव्ही नव्हेत, बाबा

पुणे,
21 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न.

काल 20 तारीख एकदाची गेली. मी ज्यांचे हिशेब लिहिते त्या सगळ्या पार्ट्यांचे थ्री-बी, म्हणजे जीएसटीचे महिन्याचे फॉर्म, भरून झाले, म्हणून आज निवांत लिहायला बसले. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला माझ्या मागे ते टेबल दिसलं आणि तुम्ही म्हणालात, "एका माणसाला तीन टीव्ही कशाला?" आई पलीकडून म्हणाली, "डोळे जातील हो तिचे." मी दोघांनाही 'नंतर सांगते' म्हटलं. फोनवर सांगितलं असतं, पण बाबा, तुम्हाला हिशेब कागदावर लागतो. आणि पैसे तुमचे होते.

टीव्ही नाहीत ते. एकाच कॉम्प्युटरला जोडलेले तीन मॉनिटर आहेत. मार्केट यार्डातल्या अडत दुकानातली तुमची बैठक आठवा. मांडीसमोर उतरत्या झाकणाची पेटी, तिच्यावर रोजच्या व्यवहारांची कीर्द उघडलेली. उजव्या हाताला प्रत्येकाच्या खात्याची खतावणी. डावीकडे हळदीच्या पट्ट्यांचा, म्हणजे सौद्यांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, वर पितळी वजन. डोळा पट्टीवर, बोट कीर्दीवर, मग मान वळवून खतावणी. एकही वही मिटावी लागत नसे. मी शाळेतून आले की त्या गठ्ठ्यातल्या पट्ट्या मोजून द्यायची आणि तुम्ही गूळ द्यायचा.

गेली चार वर्षं मी तेच काम लॅपटॉपच्या एका पडद्यावर करत होते. म्हणजे पट्टी पाहायची तर कीर्द मिटायची, कीर्द उघडायची तर पट्टी मिटायची, आणि मधल्या वेळात आकडा डोक्यात धरून ठेवायचा. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर टू-बी येतं. आपल्या पार्टीने केलेल्या खरेदीवरचा कर समोरच्या व्यापाऱ्याने दाखवलाय की नाही, त्याची ती यादी. ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या खरेदीशी जुळवायची, जुळली नाही तर मूळ बिल काढून बघायचं, आणि हे सगळं 20 च्या आत. ऑक्टोबरात एका पार्टीच्या बिलात मी 18,540 चे 15,840 वाचले आणि रात्री एकपर्यंत फरक शोधत बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, फरकाला नवाने भाग जातोय, म्हणजे आकडे उलटलेत. मला ते दीड तासाने सुचलं. त्याच रात्री ठरवलं की आता वह्या शेजारी शेजारी मांडायच्या.

दुसरं निमित्त लॅपटॉपचंच होतं. 14 ऑक्टोबरला विंडोज 10 च्या सुधारणा येणं बंद झालं आणि माझा लॅपटॉप विंडोज 11 घ्यायला नालायक ठरला. लोकांच्या बँकेचे कागद ज्याच्यावर उघडायचे ते यंत्र असं दार सताड उघडं ठेवून चालत नाही.

आधी मी नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा म्हणून बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने चिठ्ठीवर भाव लिहून दिला. त्यात रॅमचा आकडा बघून मला वाटलं एक शून्य चुकून जास्त पडलंय. पडलं नव्हतं. एआयसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतायत, चिप बनवणाऱ्यांचा माल तिकडे वळलाय आणि दिवाळीच्या सुमारापासून रॅमचे भाव रोज चढतायत. सौद्याला आज एक दर, उद्या दुसरा. तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही.

चिठ्ठीतली दुसरी गंमत अण्णाकाकांच्या धाकट्याने पकडली. प्रोसेसरच्या नंबराशेवटी 'एफ' होता. एफ म्हणजे त्या चिपमध्ये चित्र दाखवणारा भागच नाही. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्या, त्याचे पैसे वेगळे. स्वस्त दिसत होता तो यामुळेच. ते कार्ड गेम खेळणाऱ्या पोरांना लागतं, मला नाही. आकड्यांचे तीन पडदे दाखवायला साध्या चिपमधलं ग्राफिक्स पुरतं.

मग त्याच्याच सांगण्यावरून जुना घेतला. जुना म्हणजे भंगार नव्हे. मोठ्या कंपन्या शेकड्याने कॉम्प्युटर भाड्याने घेतात आणि काही वर्षांनी सगळे एकदम बदलतात. ते डेल, एचपी, लेनोवोचे ऑफिसचे डबे साफसूफ होऊन बाजारात येतात. फक्त नंबर वाचता यायला हवा. 'आय फाइव्ह आहे मॅडम' असं म्हणून एकाने मला सात हजारांचा दाखवला. नंबर होता 4590. पहिला आकडा चार, म्हणजे चौथी पिढी. विंडोज 11 ला किमान आठवी लागते. मी घेतलेल्याचा नंबर आहे 8500, सहा कोअर, 2018 सालची चिप, आणि मागे तीन मॉनिटर लावायला तीन जागा, दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. त्या तीन जागा मी पैसे देण्याआधी बोट लावून मोजल्या. तुमचीच सवय.

डबा घरी आणून शनिवारी उघडला. आई, तू असतीस तर आधी फडका आणला असतास. आत पंख्यावर करड्या धुळीची गादी बसली होती. वायर काढली, बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, पत्र्याला हात लावला (अंगातली स्थिर वीज तिकडे उतरावी म्हणून, नाहीतर न दिसणारी ठिणगी रॅम मारते), मग पंखा बोटाने धरून ब्लोअर मारला. चिपवरचा जाड धातूचा ठोकळा उचलला तर खाली पेस्ट वाळून खडखडीत, सहाणेवर राहिलेल्या चंदनासारखी. ती पुसली आणि नवीन लावली, अर्ध्या वाटाण्याएवढी. ही पेस्ट नसेल तर चिपची उष्णता ठोकळ्यापर्यंत नीट पोचत नाही. शेवटी रॅमची दुसरी पट्टी. तिला मधे एक खाच असते, ती जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. मी घाबरत घाबरत दाबत होते, तर धाकटा म्हणाला, "ताई, जोर लाव, मोडत नाही." टक् झालं आणि कडेचा खटका आपोआप मिटला. ते टक् ऐकून मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही.

मॉनिटर तीन, पण नवा एकच, मधला, 24 इंची. बाजूचे दोन 22 इंची, एका बंद होणाऱ्या ऑफिसातून आलेले. जुने पिवळट दिसतात आणि नवा निळसर, तो फरक मी थोडा कमी केलाय, पूर्ण गेला नाही. डावा मी उभा फिरवलाय. बिल ए-फोर कागदावर असतं, आणि उभ्या पडद्यावर ते डोक्यापासून सहीपर्यंत एकदम दिसतं. मधे टॅली, उजवीकडे टू-बी. म्हणजे डावीकडे पट्ट्या, समोर कीर्द, उजवीकडे खतावणी. ही मांडणी मी ठरवून केली नव्हती. झाल्यावर लक्षात आलं.

आता चूक सांगते, कारण ती हिशेबात दिसणारच आहे. मी दुकानात जाऊन दोन तारा आणल्या, एका टोकाला डिस्प्लेपोर्ट, दुसऱ्याला एचडीएमआय. एक लागली. दुसरीचं एचडीएमआय टोक कॉम्प्युटरला आणि डिस्प्लेपोर्ट टोक मॉनिटरला लावलं, तर 'नो सिग्नल'. तासभर मॉनिटरला शिव्या घातल्या. बिचारा धडधाकट होता. ती तार लक्ष्मी रोडसारखी एकेरी असते. कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टकडून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जाते, उलटी येत नाही. आणि कळस म्हणजे दोन्ही बाजूंना एचडीएमआय असलेली सरळ तार नव्या मॉनिटरच्या खोक्यात तळाशी पडलीच होती. मी खोकं पूर्ण रिकामं केलं नव्हतं. एक डिस्प्लेपोर्टची तार जुन्या मॉनिटरबरोबर आली होती, तशीच आणखी एक दुसऱ्या दिवशी आणली आणि प्रश्न मिटला. त्या दोन एकेरी तारा कपाटात आहेत.

तिन्ही पेटले तेव्हा तिन्हींवर एकच चित्र. विंडोजचं बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडलं. तरी माउस डावीकडे नेला की बाण उजव्या पडद्यावर निघे. सेटिंगमध्ये 1, 2, 3 असे चौकोन असतात, ते टेबलावरच्या क्रमाने ओढून ठेवले तेव्हा बाण सरळ चालायला लागला.

आई, डोळ्यांचं. एका लहान पडद्यावर बारीक अक्षरं वाचण्यापेक्षा हे बरं आहे, खरंच. पडदे हातभर लांब ठेवलेत आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे मान वाकत नाही. खिडकी बाजूला आहे, त्यामुळे काचेवर उजेड चमकत नाही. आणि वीस मिनिटांनी एकदा समोरच्या सोसायटीच्या टाकीकडे बघते.

बाबा, लाइट गेली तर टॅलीचा डेटा बिघडतो, म्हणून यूपीएस घेतला, 600 व्हीएचा. डबा आणि तीन मॉनिटर मिळून सव्वाशे वॉटच्या आसपास घेतात, त्यामुळे काम साठवून नीट बंद करण्याइतका वेळ आरामात मिळतो. इथे मी काटकसर केली नाही. रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर जातो. ती माझी जुनीच आहे.

हिशेब असा. तुमच्याकडून जमा 40,000. डबा 14,500, रॅम 2,200, नवा मॉनिटर 8,200, जुने दोन मिळून 5,600, यूपीएस 3,300, कीबोर्ड आणि माउस 900, तारा 1,300 (पैकी 900 माझ्या चुकीचे). एकूण खर्च 36,000. शिल्लक 4,000. चुकीचे 900 माझ्या नावे टाकायचे तर शिल्लक 4,900 होते. मी तसंच धरलंय. सगळी बिलं फाइलला लावली आहेत, जुन्या मॉनिटरचं सोडून. त्याची नुसती हातपावती आहे, त्यावरून बोलू नका.

या महिन्यात टू-बी जुळवायला मला दीड दिवस लागला. मागच्या महिन्यात चार लागले होते.

संक्रांतीला येतोय तेव्हा 4,900 रोख आणते. 'राहू दे तुझ्याकडे' म्हणणार असाल, तर ते कुठल्या खात्याला टाकणार तेवढं आधी सांगा.

तुमची,
छोटी

ता. क. आई, मॉनिटर उंच करायला रुखवतातले दोन पाट घेतलेत. खालून फेल्ट चिकटवलंय, टेबलाला ओरखडा येणार नाही. पाटांच्या वरच्या नक्षीबद्दल मात्र आल्यावर बोलू.