एक फोन केला असता तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एवढंच लिहिलं होतं की ज्यांना खोकला आहे त्यांनी लिफ्टमध्ये मास्क लावला तर बरं होईल. त्यावर एका सद्गृहस्थांचा लगेच रिप्लाय, "आता सक्ती नाही, लावायचा की नाही हा माझा पर्सनल प्रश्न आहे." पंधरा-वीस अंगठे पण पडले त्या मेसेजला. आजी गप्प बसल्या. मला मात्र गप्प बसवेना म्हणून हे पत्र लिहितेय.

त्यांचं म्हणणं कायद्याने बरोबरच आहे. २०२२ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, तेव्हा मीही सुटकेचा श्वास घेतला होता. पण पर्सनल म्हणजे नक्की काय हे मी जरा वेगळ्या पद्धतीने शिकलेय, आणि ते सांगायला मला आजही जड जातं.

१२ जानेवारी २०२१ ला पहाटे मांजरी गावातल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्डचे ट्रक नारळ फोडून निघाले ते आम्ही घरात बसून टीव्हीवर पाहिलं, आपल्या पुण्यातून लस निघाली म्हणून उर भरून आला होता, आणि खरं सांगायचं तर तिथेच आम्ही सैल पडलो, जणू साथ संपलीच. लस आमच्यापर्यंत पोचायला अजून वेळ होता हे डोक्यातच नव्हतं. फेब्रुवारीत मिस्टरांना कणकण आली, घसा धरला. संध्याकाळी स्वॅब दिला, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. रात्री मनात आलं होतं की कामवाल्या मावशींना उद्या येऊ नका म्हणून सांगावं, पण म्हटलं रिपोर्ट तर येऊ दे, उगाच चार घरी बोभाटा कशाला. सकाळी आठला मावशी आल्या. हे हॉलमध्ये खुर्चीत बसले होते, मास्क न लावता, त्यांनी पाय वर घेतले आणि मावशींनी खुर्चीखालून झाडू फिरवला, मग त्यांच्या हातातला चहाचा कप घेऊन विसळला. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दुपारी दोनला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तोवर मावशी आणखी दोन घरची कामं करून जनता वसाहतीत घरी पोचल्या होत्या. दहा बाय दहाची खोली, माणसं पाच.

सहाव्या दिवशी त्यांच्या सासूबाईंना ताप भरला, मग दम लागायला लागला. ११ दिवस ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या, पण पर्वतीच्या उतारावरची ती चढण त्यांना पुन्हा कधी एका दमात चढता आली नाही. आता कुणी म्हणेल की तो आजार तुमच्याच घरातून गेला कशावरून. नसेलही. पण मावशी महिन्याभराने आल्या तेव्हा दारातच उभं राहून एवढंच म्हणाल्या, "ताई, एक फोन केला असता तर मी आले नसते." त्यात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. स्वॅब दिलाय हे आम्हाला माहीत होतं, त्यांना माहीत नव्हतं. घरात यायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्यांचाही होता आणि तो आम्ही न सांगता काढून घेतला होता.

हा आजार लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून पसरतो हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. मास्क लावणाऱ्याचं रक्षण करतोच, पण खोकणाऱ्याने लावला तर समोरच्याचा जास्त फायदा होतो. म्हणजे लावायचं मी आणि वाचायचं दुसऱ्याने, म्हणून तर तो आपल्याला नकोसा होतो ना?

सक्ती काय असते हे पुण्याला कुणी शिकवायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडसाहेबाचे सोल्जर घराघरात घुसले, देवघरापर्यंत गेले, आणि त्याचा शेवट गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्यांनी झाला. त्याच सालचा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा लावला गेला. मला ती सक्ती परत नकोय, आणि नकोय म्हणूनच सांगतेय की आपण आपलं वागलो तर दंडाची पावती घेऊन कुणाला चौकात उभं राहावं लागत नाही. १८९७ मध्येच, त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन हडपसरला आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं, आणि १० मार्चला त्याच आजाराने त्या गेल्या. आपल्याकडून कुणी तेवढं मागत नाहीये हो, ताप असेल तर घरी बसा एवढंच मागणं आहे. २०२० साली माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, मानाच्या गणपतींनी मिरवणूक न काढता मांडवातच विसर्जन केलं. वारकऱ्यांची भक्ती काही कमी झाली नाही आणि बाप्पाही रुसला नाही.

घरी बसणं सगळ्यांना परवडत नाही हेही मला मान्य आहे, आणि खरी अडचण इथेच आहे. मावशींच्या बाकीच्या दोन घरांनी त्या महिन्याचे पैसे कापले होते. वॉचमन, डिलिव्हरीवाली पोरं, रिक्षावाले, यांना सुट्टी म्हणजे बिनपगारी. ज्याला घरून लॅपटॉपवर काम करता येतं त्याने स्वातंत्र्याच्या गप्पा मारायच्या आणि ज्याला येत नाही त्याने त्याचा खोकला अंगावर घ्यायचा हे बरोबर नाही. सोसायट्यांनी निदान एवढं ठरवावं की घरात कुणी आजारी असेल तर कामवालीला आदल्या रात्री कळवायचं आणि त्या दिवसांचा पगार कापायचा नाही. आमच्या पुढच्या मीटिंगला मी हा विषय मांडणार आहे, त्या सद्गृहस्थांच्या समोरच. आपल्या पेपरने इतर सोसायट्यांचीही याबद्दल मतं मागवावीत अशी विनंती.

मावशी अजून आमच्याकडेच आहेत. परवा माझा घसा धरला तेव्हा मी सकाळी सहालाच त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, आत्याबाई घरातच आहेत." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई.

आपली,
एक वाचक भगिनी, कर्वेनगर, पुणे