रामनदीला हात आहेत, यंत्रणा हवी

महोदय,

खाटपेवाडीजवळ उगम पावून भूगाव, बावधन, पाषाण, बाणेरमार्गे औंधला मुळेला मिळणारी रामनदी स्वच्छ व्हावी म्हणून अनेक पुणेकर स्वयंसेवक सुटीची सकाळ तिच्या काठी घालवतात. काम किती चिवट आहे, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. उंबराच्या मुळांत अडकलेली साडीची चिंधी ओढावी, तर तिच्यामागे पिशव्या, थर्माकोल आणि निर्माल्याची अख्खी माळ बाहेर येते. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसली जाते. मैलापाणी सुरू आहे तोवर ती काढली तरी पुन्हा फोफावणारच. त्यातून काढलेले ढीग काठावरच राहिले, तर पहिल्या पावसात परत पात्रात! नाल्यांचे पाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवणे स्वयंसेवकांच्या हातात नाही. ते महापालिकेनेच करायला हवे. निदान मोहीम असेल त्या दिवशी कचरा उचलायला गाडी तरी वेळेवर पाठवावी. आणि काठ काँक्रीटने बांधू नयेत. करंज, वाळुंज, उंबर लावायला तिथे माती राहू द्यावी.

– एक वाचक, पाषाण, पुणे