अकराव्या अध्यायाचं पत्र

मडगाव, १९ मे

ती. बाबा आणि आई यांस,
प्रभूच्या नावाने सलाम.

बाबा, रविवारी तुम्ही फोनवर नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमच्या "बरं"चे प्रकार मला पाठ आहेत. हा प्रगतिपुस्तकात लाल रेघ दिसल्यावरचा होता. मी खुर्सापुढे, म्हणजे क्रुसापुढे, बसून पेटी वाजवली आणि डुकराचं मटण खाल्लं, या दोन्ही बातम्या माझ्याआधी नगरला पोचल्या. दोन्ही खऱ्या आहेत. फोनवर सांगायला गेले तर मध्येच रडू येईल, म्हणून लिहिते.

इथे मे महिन्यात वाड्यावाड्यावरचे खुरीस रंगवून फुलांनी सजवतात आणि संध्याकाळी त्यांच्यापुढे लदीन म्हणतात. सगळा वाडा जमतो. मरियेची एकेक नावं घेत विनवणी होते, कोंकणी गीतं होतात, शेवटी द्रोणात उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे. आमच्या घरमालकीण आन्टीच्या लदिनीला दरवर्षी एक म्हातारबाबा व्हायोलिन वाजवतात. यंदा ते आजारी. त्या दिवशी साडेपाचला दारावर थाप पडली. आन्टी आणि तिची दोन नातवंडं. "बाय, तुजी पेटी घेवन यो."

मी म्हटलं, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं.

दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. इथे बदली झाल्यापासून आठ महिने मी एकच मागणं मागत होते: प्रभू, मला इथे आपली मंडळी दे. मनात अर्थात मराठी उपासना, आपली गीतं, चर्चमधून बाहेर पडताना "सलाम" म्हणणारे चार लोक. मला आवाज-बिवाज काही आला नाही, आई, तू घाबरू नकोस. फक्त खोटं बोलल्याचं टोचत होतं आणि जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू येत होती. पेटी उचलली आणि खाली गेले. दारात तीन जण होते हे मला रात्री आठवलं आणि एकटीच हसले. बायबलात पेत्राकडेही कर्नेल्य या परजातीय रोमी शताधिपतीने पाठवलेली तीनच माणसं आली होती ना!

प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय तुम्ही शिकवलात तेव्हा सगळा भर शुद्ध-अशुद्ध सगळ्या प्राण्यांनी भरलेल्या, आकाशातून उतरणाऱ्या त्या चांदव्यावर असायचा. परवा पुन्हा वाचला तेव्हा मी आधीच्याच ओळीवर अडले. पेत्र यापोला उतरला होता तो शिमोन चांभाराच्या घरी. आपल्या मराठी शास्त्रात शब्दच तो आहे, चांभार. कातड्याच्या वासाच्या घरात तो राहत होता, त्याच धाब्यावर भरदुपारी भुकेला बसून प्रार्थना करत होता. आणि तरी "मारून खा" म्हटल्यावर "नको, नको, प्रभू" म्हणाला. म्हणजे एक उंबरा ओलांडलेला माणूस पुढच्या उंबऱ्याशी पुन्हा अडतोच. दृष्टांत तीनदा दाखवावा लागला, आणि तेव्हाही त्याला अर्थ कळला नव्हता. तो विचारात असतानाच खालून हाका आल्या. जिना उतरला तो न कळताच.

आता डुकराचं. आई, आपण ते खात नाही ते मोशेच्या नियमशास्त्रामुळे नाही, हे तुलाही माहीत आहे. गावात डुकरं कोण पाळतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांच्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं त्या आपल्या पणजोबांना ख्रिस्ती झाल्यावर पुन्हा त्या रांगेत बसायचं नव्हतं. मला त्यांचा राग येत नाही. पण तो नियम गावाने घातलेला होता. आन्टीने तीन दिवस मुरवलेलं सोरपोतेल वाढलं, शेजारी पांढऱ्याशुभ्र सान्नां. पहिला घास जड गेला. दुसऱ्याला ताडीच्या व्हिनेगरचा आंबटपणा कळला. तिसरा मी मागून घेतला.

इथे सगळं स्वर्गासारखं आहे असं मुळीच समजू नका. लग्न जुळवताना इथले कॅथलिकही बामण की चारडो, अशी जात बघतात. लदिनीत "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी विनंती कर) सुरू झालं तेव्हा मी पेटी वाजवली, तोंड मिटलेलं ठेवलं. मरियेकडे मागणं मला जमत नाही. आन्टीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, मग सूर धर, तेवढं पुरे.

शेवटी तिने "तुमचं काहीतरी म्हण" म्हटलं. मी तुम्ही शिकवलेला एक अभंग म्हटला. दुसऱ्या कडव्यापासून म्हाताऱ्या बायका टाळ्यांनी ठेका धरू लागल्या. इथून जवळच राशोल आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा ओव्यांत रचली. ते पुराण राशोलला १६१६ मध्ये छापलं गेलं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, तीन वर्षांत इथली बोली सोडा. तरी त्या बायकांचे हात बरोबर समेवर पडत होते.

बाबा, आता तुमची गोष्ट. मी तिसरीत होते. शेजारच्या वारकरी आजोबांच्या सप्त्याला पेटीवाला आला नाही म्हणून ते आपल्या दारात आले, आणि तुम्ही पेटी उचललीत. मी मागून सुरांची वही घेऊन चालत होते. पुढच्या रविवारी चर्चच्या पंचांनी तुम्हाला उभं केलं, सहा महिने उपासनेत वाचन दिलं नाही. तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "माणूस दारात बोलवायला आला. गेलो." पेत्रालाही यरुशलेमात परत येऊन आपल्याच माणसांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. तो अकरावा अध्याय. मला दहाव्यापेक्षा तो कठीण वाटतो.

आई, तुझं मन तयार व्हायला वेळ लागेल. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मी थांबेन.

बाबा, एक विचारायचं राहिलं. इथल्या दमट हवेने पेटीची मधल्या सप्तकातली कोमल निषादाची पट्टी अडकते, दाबली की वर येत नाही. ती घासायची, की उन्हात ठेवायची? गुरुवारी पलीकडच्या वाड्यावर लदीन आहे, त्याआधी कळवा.

तुमची,
थोरली