रेंज गेली तरी नोंद राहिली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूध संकलन, ऊस नोंद, आरोग्य सर्वेक्षण, शाळेची हजेरी अशी बरीच कामे आता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वेब अ‍ॅपवर होऊ लागली आहेत. सातारा-कराडात ती सुरळीत चालतात. बामणोली-तापोळ्याकडे, कांदाटी खोऱ्यात किंवा पाटणच्या डोंगरात गेले की तीच अ‍ॅप अडतात आणि सगळा राग टॉवरवर निघतो. टॉवर वाढायला हवेत, यात वाद नाही. पण रेंज गेल्यावर भरलेली माहिती नाहीशी होत असेल, तर त्याचा जाब अ‍ॅप बनवणाऱ्याला विचारला पाहिजे. यावरचा उपाय ब्राउझरमध्येच कित्येक वर्षांपासून आहे आणि तो फुकट आहे. तरीही काम देताना तो कोणी मागत नाही, म्हणून हे पत्र.

संध्याकाळच्या दूध संकलनाचे उदाहरण घेऊ. किटल्यांची रांग लागलेली असते. लिपिक भरतो: सभासद 47, म्हैस, 6.4 लिटर, फॅट 6.8, एसएनएफ 9.1. 'जतन करा' दाबतो. चक्र फिरत राहते आणि अर्ध्या मिनिटाने कनेक्शन नसल्याचे पान येते. मागे जावे तर फॉर्म कोरा. तो पुन्हा भरतो, या खेपेला नोंद जाते. प्रत्यक्षात पहिली नोंदही सर्व्हरवर पोचलेली असते, तिची पोच तेवढी परत आलेली नसते. दहा दिवसांच्या बिलात 47 नंबरच्या खात्यावर एका वेळचे दूध दोनदा लागते आणि लबाडी कोणाची, यावर भांडण होते. लबाडी कोणाचीच नसते.

यात दोन वेगळे दोष आहेत. पान उघडेना हा एक, नोंद हरवली किंवा दुप्पट झाली हा दुसरा. पहिल्यावर उपाय कॅशे, म्हणजे फोनमध्ये साठवलेली पानांची प्रत, दुसऱ्यावर उपाय फोनमध्येच ठेवलेली नोंदींची रांग. 'ऑफलाइन चालते' असे सांगून दिलेल्या अनेक अ‍ॅपमध्ये फक्त पहिल्याची सोय असते. ती दोन-चार दिवसांत होते. खरे कष्ट दुसरीला लागतात.

आधी कॅशेबद्दल. पूर्वी यासाठी अ‍ॅपकॅशे नावाची सोय होती. एका मॅनिफेस्ट फाइलमध्ये यादी दिली की त्या फाइली साठवल्या जात. पण नेट असले तरी आधी जुनी प्रतच दिसे आणि यादीतली एक फाइल सापडली नाही तरी अख्खा साठा बाद होई. ती सोय आता मोठ्या ब्राउझरांनी काढून टाकली आहे. तिच्या जागी सर्व्हिस वर्कर आला: क्रोममध्ये 2015 साली, फायरफॉक्समध्ये 2016 साली आणि आयफोनच्या सफारीत 2018 साली. पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये बसणारी ही जावास्क्रिप्ट फाइल. पानाने काहीही मागितले की मागणी आधी तिच्याकडे येते. कॅशेतून द्यायचे, नेटवरून आणायचे की दोन्ही करायचे, ते ती ठरवते.

यासाठी साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर हवी. लोकलहोस्टला, म्हणजे बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या साइटला तेवढी सूट आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळते, पण त्याची मुदत थोडी असते. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था केली नाही, तर एके दिवशी सगळे बंद पडते. वर्करची फाइल साइटच्या मुळाशी, सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ठेवावी. ती आतल्या फोल्डरमध्ये ठेवली तर तिचा अंमल त्या फोल्डरापुरताच चालतो, आणि 'नोंदणी तर झाली, मग चालत का नाही' या कोड्यात दोन दिवस जातात.

पहिल्या भेटीत अ‍ॅपचा सांगाडा साठवायचा: मुख्य पान, स्टाइल, स्क्रिप्ट, चिन्हे आणि देवनागरी फॉन्ट. त्यासाठीच्या अ‍ॅडऑलमध्ये (यादीतल्या फाइली एकदम साठवणाऱ्या आज्ञेत) एक फाइल जरी 404 ('सापडली नाही') आली तरी पूर्ण इन्स्टॉल फसते, म्हणून यादी हाताने न लिहिता बिल्डच्या वेळी तयार करावी. वर्कबॉक्स ही तयार लायब्ररी हे काम चोख करते. फॉन्ट बाहेरच्या सर्व्हरवरून घेऊ नये. परक्या साइटवरून सीओआरएसशिवाय (त्या साइटच्या परवानगीशिवाय) आणलेली फाइल अपारदर्शक धरली जाते, म्हणजे तिच्या आतले वाचता येत नाही, आणि क्रोम अशा प्रत्येक फाइलीसाठी साठ्याच्या कोट्यातून सुमारे 7 एमबी धरतो, मग ती फाइल 20 केबीची का असेना.

सर्वांत जास्त घोटाळा आवृत्तीचा होतो. नवा वर्कर डाउनलोड झाला तरी जुन्याच्या ताब्यातले सगळे टॅब बंद होईपर्यंत तो थांबून राहतो, आणि मोबाइलवर टॅब कोण बंद करतो? चूक महिन्यापूर्वी दुरुस्त झालेली असते आणि गावात अजून जुनेच अ‍ॅप चालू असते. यावर थांबणे रद्द करण्याची आज्ञा आहे, पण ती आंधळेपणाने वापरली तर अर्धा भरलेला जुना फॉर्म नव्या फाइलींवर जाऊन आदळतो. त्यापेक्षा वर पट्टी दाखवावी, 'नवी आवृत्ती आली आहे', आणि वापरणाऱ्याने बटण दाबल्यावरच बदल करावा. वर्करच्या फाइलीला नो-कॅशे हेडर ('दर वेळी सर्व्हरला विचारून घ्या' ही सूचना) द्यावे आणि तिचे नाव कधीही बदलू नये, कारण कॅशेतले जुने पान जुन्या नावाचाच वर्कर मागत राहते. बाकी फाइलींच्या नावात मात्र मजकुरानुसार बदलणारा हॅश, म्हणजे छोटा संकेतांक असावा. मग त्या वर्षभर साठवल्या तरी चालतात. आणि स्वतःची नोंदणी रद्द करून सगळे कॅशे पुसणारा एक छोटा वर्कर पहिल्या दिवसापासून तयार ठेवावा. बिघडलेला वर्कर लोकांच्या फोनवर बसला, तर परत बोलावायचा दुसरा सोपा रस्ता नाही.

सगळ्याला एकच नियम लावू नये. सांगाडा कॅशेतूनच द्यावा. सभासद यादी आणि दरपत्रक आधी कॅशेतून दाखवून मागे ताजे करावे, पण 'दर आज सकाळी 6.10 चे' अशी वेळ स्पष्ट दिसली पाहिजे. फोनवर निघालेली रक्कम अंदाजे समजावी. अंतिम हिशोब सर्व्हरने करावा, नाहीतर काल बदललेले दरपत्रक आज कोणाच्या तरी बिलात चूक करून जाते. या याद्या फार जड नसतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत 3 बाइट घेते. एका सभासदाची माहिती 200 बाइट धरली तरी 500 सभासदांचे 100 केबी होतात. एका फोटोपेक्षा हे कितीतरी कमी.

डोंगरातली रेंज नसते तेव्हा नसतेच, असे सरळ नसते. एक काडी दिसते, पण डेटा सरकत नाही. ब्राउझरला 'ऑनलाइन आहेस का' विचारले की तो होकार देतो, कारण त्याचा अर्थ 'कुठल्या तरी नेटवर्कला जोडलेला आहे' एवढाच असतो. त्या उत्तरावर अ‍ॅप विसंबले की चक्र फिरत बसते. म्हणून नेटवरच्या प्रत्येक मागणीला मुदत हवी. वाचण्यासाठी 3-4 सेकंदांत उत्तर आले नाही, तर मागणी रद्द करून कॅशेतले द्यावे. दुसरी अडचण लॉगिन मागणाऱ्या सार्वजनिक वायफायची. तिथेही फोन जोडलेला दिसतो, पण लॉगिन होईपर्यंत एचटीटीपीएसवरची मागणी फसते. शिवाय कॅशेत साठवण्याआधी उत्तर कुठून आले आणि कोणत्या प्रकारचे आहे, हे तपासावेच लागते.

आता नोंदींच्या रांगेकडे येतो. कॅशेमध्ये पोस्ट मागण्या, म्हणजे सर्व्हरकडे माहिती पाठवणाऱ्या मागण्या साठवता येत नाहीत. लोकल स्टोरेज हा ब्राउझरचा छोटा साठा साधारण 5 एमबीचा, त्यात फक्त मजकूर मावतो आणि वर्कर त्याला हातच लावू शकत नाही. म्हणून नोंद इंडेक्स्ड डीबी या ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्येच ठेवली पाहिजे. 'जतन करा' दाबल्यावर क्रम असा हवा: आधी फोनमध्ये लिहायचे, लिहिणे पूर्ण झाल्याची खात्री करायची, मग पाठवायला घ्यायचे. नेट असले तरी हाच क्रम. इथे एक खाचखळगा आहे. इंडेक्स्ड डीबीचा व्यवहार उघडा ठेवून मध्येच नेटच्या उत्तराची वाट पाहिली तर तो व्यवहार आपोआप बंद होतो आणि पुढचे लिहिणे फसते. दोन्ही कामे वेगळी ठेवावीत.

प्रत्येक नोंदीला फोनवरच एक अद्वितीय क्रमांक द्यावा. ब्राउझरमध्ये रँडमयूयूआयडी ही आज्ञा त्यासाठीच आहे. फॉर्म उघडताना तो क्रमांक तयार व्हावा, बटण दाबताना नव्हे. नाहीतर दोनदा दाबले की दोन क्रमांक होतात. सर्व्हरवरच्या तक्त्यात त्या क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा न घेण्याचे) हवे. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने एरर न देता 'मिळालेली आहे' असेच उत्तर द्यावे. 47 नंबरच्या दुप्पट दुधाचे भांडण एवढ्याने मिटते. नोंदीबरोबर फोनवरची वेळ आणि अ‍ॅपची आवृत्ती जावी, आणि सर्व्हरने स्वतःची वेळ शेजारी लिहावी. फोनचे घड्याळ चुकीचे असू शकते.

पाठवण्यासाठी बॅकग्राउंड सिंक (नेट आल्यावर ब्राउझरने स्वतःहून पाठवणे) ही सोय क्रोम आणि त्याच्या घराण्यातल्या ब्राउझरांत आहे. फायरफॉक्स आणि सफारीत नाही. तेव्हा अ‍ॅप उघडल्यावर, नेट आल्याची सूचना मिळाल्यावर आणि 'आता पाठवा' बटणावर, असे तिन्ही रस्ते ठेवावेत. एका खेपेला 20-25 नोंदी पाठवाव्यात आणि सर्व्हरने प्रत्येकीचे उत्तर वेगळे द्यावे. एक चुकीची नोंद बाकीच्या चोवीस अडवून बसली, असे होता कामा नये. खेप फसली तर 5 सेकंद, 15 सेकंद, 1 मिनिट असे अंतर वाढवत जावे. सर्व्हरने नाकारलेली नोंद पुसू नये, 'अडली' म्हणून कारणासह दाखवावी.

लॉगिनची मुदत हा वेगळा विषय आहे. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा वेळी वीज जाते, पाठोपाठ टॉवर बंद पडतात आणि नेमके तेव्हाच घरोघर पाहणी करायची असते. तीन-चार दिवस सलग ऑफलाइन राहिलेला फोन नेटवर आला की लॉगिन संपलेले असते आणि सर्व्हर 401, म्हणजे 'आधी लॉगिन करा' हे उत्तर देतो. काही अ‍ॅप त्या क्षणी वापरणाऱ्याला बाहेर काढून सगळा साठा पुसून टाकतात. यात चार दिवसांचे पंचनामे जातात. बरोबर वागणूक अशी: रांगेला हात लावायचा नाही, पासवर्ड किंवा ओटीपी मागायचा आणि मग पुढे पाठवायचे. स्वतःहून बाहेर पडणाऱ्यालाही आधी '12 नोंदी पाठवायच्या बाकी आहेत' हे सांगायचे.

पडद्यावरच्या शब्दांचाही आग्रह धरला पाहिजे. फोनमध्ये साठवलेल्या नोंदीपुढे 'यशस्वी' लिहिणे ही फसवणूक आहे. 'फोनमध्ये आहे', 'पोचली', 'अडली' हे तीन वेगळे शब्द हवेत आणि बाकी नोंदींचा आकडा कायम डोळ्यांसमोर हवा. लिपिकाचा अ‍ॅपवर विश्वास बसतो तो यामुळेच. नाहीतर तो शेजारी वही ठेवतोच, आणि त्याचे बरोबरच असते.

ब्राउझरचा साठा म्हणजे तिजोरी नव्हे. जागा कमी पडली तर ब्राउझर तो पुसू शकतो. साठा टिकवण्याची परवानगी मागण्यासाठी पर्सिस्ट नावाची सोय आहे, ती मागावी. सफारी सात दिवस वापरूनही एखाद्या साइटला हात लावला नाही, तर तिचा साठा जातो; होम स्क्रीनवर ठेवलेल्या अ‍ॅपला तो नियम लागत नाही, म्हणून आयफोनवाल्यांकडून ते करून घ्यावे. ब्राउझिंग डेटा हाताने साफ केला तर मात्र काहीच वाचत नाही. फोटो 1280 पिक्सेलपर्यंत लहान करून जेपेगमध्ये ठेवले, तर 3-4 एमबीचा फोटो बहुधा दोन-तीनशे केबीवर येतो. तो ब्लॉब म्हणून, म्हणजे फाइलीच्या मूळ रूपातच ठेवावा. बेस-64 केला, म्हणजे अक्षरांत बदलला, की एक तृतीयांशाने फुगतो. आधार किंवा बँक खात्याचे क्रमांक फोनच्या साठ्यात ठेवूच नयेत. फोन हरवतात.

संस्थांनी, ग्रामपंचायतींनी आणि कारखान्यांनी काम देताना करारात तीन चाचण्या लिहून घ्याव्यात. फोन फ्लाइट मोडवर टाकून अ‍ॅप उघडायचे, दहा नोंदी करायच्या, फोन बंद करून चालू करायचा, मग नेट द्यायचे. सर्व्हरवर बरोबर दहा नोंदी दिसल्या पाहिजेत, नऊ नाही आणि अकरा नाही. दुसरी, 'आता पाठवा' दाबताच डेटा बंद करायचा आणि मिनिटाने चालू करायचा; असे पाच वेळा करूनही एकही नोंद दुप्पट होता कामा नये. तिसरी, जुन्या आवृत्तीत नोंदी बाकी असताना नवी आवृत्ती चढवायची आणि त्या नोंदी पोचतात का ते पाहायचे. तिसरीत भलेभले अडकतात, कारण फोनमधल्या डेटाबेसचा आराखडा बदललेला असतो आणि जुन्या नोंदी नव्या साच्यात आणण्याचे काम कोणी केलेलेच नसते.

या चाचण्या संगणकावर ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत 'ऑफलाइन'ची खूण करून उरकू देऊ नयेत. त्या खुणेने नेट पूर्ण तुटते. अडखळणाऱ्या रेंजची परीक्षा होत नाही. शिवाय संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबले की ब्राउझर सर्व्हिस वर्करला वगळूनच पान मागतो, आणि चांगले चालणारे अ‍ॅपही बिघडलेले वाटते. ज्या केंद्रावर अ‍ॅप वापरायचे आहे तिथे, तिथल्याच लिपिकाच्या साध्या फोनवर, संध्याकाळच्या रांगेच्या वेळी चाचणी घ्यावी आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.

आपला,
वेब अ‍ॅप बनवणारा एक वाचक,
सातारा